हेडरचे नट पुन्हा पुन्हा सैल होतात? पाना उचलण्याआधी छिन्नीची खूण घाला

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टक-टक-टक असा बारीक, कोरडा आवाज. जुळे सोलापुरातून निघून सात रस्त्याला पोचेपर्यंत इंजिन तापतं आणि आवाज बंद होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जोड) बसवलेल्या गाडीत हा आवाज येत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) सेट करायला धावू नका. मी धावलो होतो, दोनदा. टॅपेट ठीकच होते. आवाज येत होता तो हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि हेडर यांच्या मधल्या फटीतून निसटणाऱ्या धुराचा. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, थंड झालं की उघडते. म्हणून हा आवाज थंड इंजिनात जास्त येतो.

माझी गाडी २००४ ची मारुती एस्टीम, १३०० सीसी, ॲल्युमिनियमचं हेड. कंपनीचा ओतीव मॅनिफोल्ड काढून चार पाइपांचा हेडर बसवला. पहिले चारशे-पाचशे किलोमीटर छान गेले, मग टकटक सुरू झाली. नट आवळले, गेली. तुळजापूरला दोन-तीन फेऱ्या झाल्या, पुन्हा आली. असं जवळजवळ वर्षभर चाललं. या वर्षात जे चुकीचं केलं आणि शेवटी जे लागू पडलं, ते इथे सविस्तर लिहितोय, कारण हा त्रास असलेल्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो, "अजून जोरात आवळ". तो सल्ला हेडचे आटे खातो.

आधी गळती हेडरचीच आहे याची खात्री करा. थंड इंजिनावर बॉनेट उघडून पोर्टभोवती, म्हणजे हेडमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडांभोवती, टॉर्च मारा. धूर निसटतो तिथे काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसतो, पॅकिंगच्या (हेड आणि हेडर यांच्या मधल्या सीलच्या) कडेपासून बाहेर पसरत गेलेला. तो दिसला नाही तर इंजिन बंद ठेवून सायलेन्सरच्या शेपटाकडून ब्लोअरने हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे जागा दाखवतात. हे काम गाडी पूर्ण थंड असताना करायचं.

गळतीकडे दुर्लक्ष करू नका, आवाज सहन होत असला तरीही. त्या फटीतून धूर बाहेर जातो तशी बाहेरची हवाही आत ओढली जाते. पुढे बसलेला ऑक्सिजन सेन्सर ती हवा मोजतो, इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय असं समजतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज घसरतं, प्लग काळे पडतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बॉनेटखाली गळणारा धूर हवेच्या झडपेतून गाडीत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या सीटवर पोरं झोपलेली असतात, हे लक्षात असू द्या.

मी काय काय करून बसलो

पहिला उपाय स्प्रिंग वायसर. दोन महिन्यांनी काढला तर तो चपटा होऊन साध्या वायसरसारखा पडला होता. इतक्या उष्णतेत त्याचं स्प्रिंगपण टिकत नाही.

मग आट्यांना लावायचं निळं लॉकिंग द्रव. ते साधारण १५० अंशांपर्यंतच धरतं. एक्झॉस्ट पोर्टजवळचा नट त्याच्या कितीतरी वर तापतो. उघडल्यावर आट्यांत पांढरट भुकटी सापडली. लाल, जास्त ताकदीचं द्रव वापरलं तरी फार फरक पडत नाही. नायलॉनची रिंग असलेला नट तर इथे लावूच नये. १२० अंशांच्या आसपास नायलॉन मऊ पडतं आणि पुढे जळून जातं, मग उरतो तो साधा नट.

त्यानंतर चेकनट, म्हणजे एका नटावर दुसरा. आपल्या सोलापुरात हा उपाय कुणीही सांगेल, कारण इथल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी पॉवरलूमवर काम केलेलं असतं आणि लूमवर चेकनट हमखास चालतो. इथे तो बसवायला स्टडवर, म्हणजे हेडमध्ये रोवलेल्या आटेदार दांडीवर, जागाच कमी होती. जेमतेम तीन आटे धरले, आणि टकटक परत आलीच.

शेवटी एका गॅरेजमध्ये पान्याला पाइप जोडून आवळण्यात आलं. चौथ्या सिलिंडरचा खालचा स्टड "कट्" करून तुटला आणि अर्धा हेडमध्ये राहिला. तुटलेल्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग केलं, ते लालसर असतानाच हळूहळू मागे-पुढे हलवत स्टड बाहेर काढला. आटे मात्र गेलेच. तिथे भोक मोठं करून तारेचे नवे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवावे लागले. नीट बसवलेलं हेलिकॉइल ॲल्युमिनियममधल्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतं, त्यामुळे त्याची भीती नको. भीती ड्रिल वाकडं जाण्याची असते. ते काम घाईत, गाडीत वाकून, हातात ड्रिल धरून करू देऊ नका.

मामांनी घातलेली खूण

माझे मामा आयुष्यभर लूमचे फिटर. गड्ड्याच्या यात्रेला घरी आले होते तेव्हा सकाळी त्यांनी तो आवाज ऐकला. बॉनेट उघडायला लावलं, खिशातून १२ चा पाना काढला आणि एकेका नटावर हलकेच ठोकत गेले. मधले नट टण्ण वाजले. टोकाचे दोन बद्द वाजले, फुटक्या मडक्यासारखे.

"सैल होतो म्हणतोस, पण नट फिरताना बघितलास का?"

"मामा, सैल झाला म्हणजे फिरलाच असणार ना?"

"तसं नसतं, बाळा. लूमचा नट फिरतो, कारण तो दिवसभर धोट्याचे ठोके खातो. हा भट्टीवर बसलाय. खूण घाल, मग बोल."

त्यांनी बारीक छिन्नी घेतली. नट आवळून झाल्यावर नटाच्या कडेवर आणि फ्लँजवर (हेडरची हेडला टेकणारी जाड पट्टी) एकाच रेषेत हलका घाव घातला, तांदळाच्या दाण्याएवढा. रंगाने खूण केली असती तर जळून गेली असती. छिन्नीची राहते.

तीन आठवड्यांनी टकटक परत आली. उघडून बघितलं तर टोकाचा एक नट किंचित सरकला होता. दुसऱ्याची खूण तंतोतंत रेषेत होती, तरी तो बोटाने फिरत होता.

ही गोष्ट समजली की अर्धं काम झालं. नट न फिरताही सैल होऊ शकतो.

खूण रेषेत, तरी नट सैल

बोल्ट किंवा स्टड हा जोड धरून ठेवतो तो ताणल्यामुळे. आवळताना तो रबरासारखा किंचित लांब होतो आणि मूळ लांबीवर यायची धडपड करतो. त्याच ओढीने फ्लँज हेडवर दाबली जाते. एम ८ चा (८ मिमी जाडीचा) स्टड २२ न्यूटन-मीटरने आवळला तर तो साधारण १,४०० किलोच्या जोराने दाबतो. पण त्यासाठी तो लांब किती होतो? फ्लँज १० मिमी जाड, वर पॅकिंग आणि वायसर धरून पकडीची लांबी १४ मिमीच्या आसपास. एवढ्या लांबीत स्टड ताणला जातो जेमतेम ०.०३ मिमी. डोक्याच्या केसाची जाडीही याहून जास्त असते.

म्हणजे पॅकिंग फक्त ०.०३ मिमी बसलं, की सगळा ताण संपला. नट जागचा हललाही नाही आणि १,४०० किलोंचे शून्य झाले. त्यानंतर नटाला कितीही कुलपं लावा, तो सैल अवस्थेतच कुलूपबंद होणार.

मग ताण जातो कुठे? माझ्या गाडीत तीन वाटा सापडल्या.

सगळ्यात मोठी वाट वाकलेल्या फ्लँजची. हेडरचे पाइप फ्लँजला वेल्ड करतात तेव्हा वेल्ड थंड होताना आकसतं आणि पट्टी धनुष्यासारखी ओढली जाते. हेडर उतरवा, फ्लँज घासून साफ करा, तिच्यावर चांगली सरळपट्टी उभी ठेवा आणि खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवून बघा. ०.१ मिमीची पाती कशीबशी गेली तर चालतं. माझ्या फ्लँजखाली टोकाला ०.५ ची पाती सहज गेली. अशी फ्लँज आवळून सपाट करता येते, पण ती कायम मागे उसळी मारत राहते आणि टोकाचे स्टड सतत उपटत असते. टोकाचेच नट का सैल होत होते, त्याचं उत्तर तिथे मिळालं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत फेसिंग, म्हणजे फ्लँज यंत्रावर कापून सपाट, करून घेतलं. पाइप लोंबत असल्यामुळे हेडर लेथवर धरता येत नाही, मिलिंगवर नीट बांधून घ्यावा लागतो. कारागिराला एकच विनंती करा, सगळे पोर्ट एकाच वेळी, एकाच पातळीत घ्यायचे. एकेक पोर्ट वेगळा घासला तर पुन्हा पायऱ्या पडतात. हेडची बाजूही पट्टी लावून तपासा. तिथे मात्र पॉलिश पेपरने जुनं पॅकिंग घासत बसू नका, ॲल्युमिनियम मऊ असतं, खड्डे पडतात.

दुसरी वाट पॅकिंगची. हेडरसोबत आलेलं पॅकिंग जाड आणि मऊ होतं. मऊ पॅकिंग तापलं की बसतं, बसलं की ताण जातो. पातळ पत्र्याच्या थरांचं पॅकिंग मिळत असेल तर तेच घ्या. नाहीतर आत पत्रा असलेलं ग्राफाइटचं. दोन पॅकिंगं एकावर एक लावणं म्हणजे बसण्याची जागा दुप्पट करणं. सिलिकॉनची ट्यूब या जागी बिलकूल नको.

तिसरी वाट पाइपच्या वजनाची आणि ओढीची. एस्टीममध्ये हेडर रेडिएटरच्या बाजूला आहे आणि पाइप इंजिनखालून मागे जातो. क्लच सोडला, गॅस दिला की इंजिन मागे-पुढे डुलतं. माउंटिंगचं रबर फाटलेलं असेल तर जास्तच डुलतं. मधे जाळीचा लवचीक जोड नसेल तर ते सगळं डुलणं हेडरच्या स्टडवर येतं. तपासायची युक्ती सोपी आहे. सायलेन्सर जोडलेला असतानाच हेडरचे नट पूर्ण सोडा. फ्लँज हेडला चिकटून सैल राहिली तर ठीक. ती उसळून बाजूला सरकली, तर पाइप ओढून-ताणून बसवलेला आहे. माझी फ्लँज बोटभर खाली सरकली. मागचं एक हँगर रबर तुटलं होतं आणि सायलेन्सरचा भार हेडरवर लोंबत होता. साठ-सत्तर रुपयांच्या रबरासाठी मी स्टड तोडून बसलो होतो.

खूण सरकलेली असेल तर

मग नट खरोखर फिरतोय. याचं मूळही पुष्कळदा तापण्या-थंडावण्यातच असतं. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, पण हेडमध्ये पाणी खेळत असल्यामुळे ते शंभर अंशांच्या आसपास थांबतं. फ्लँज मात्र त्याहून खूप जास्त तापते. साडेतीनशे मिमी लांब फ्लँज तीनशे अंशांना पोचली, तर हेडच्या तुलनेत टोकाला टोक धरून अर्धा मिमी जास्त वाढते, स्टेनलेसची असेल तर जवळजवळ एक मिमी. प्रत्येक वेळी गाडी तापली की फ्लँज नटाखालून बाजूला सरकते, थंड झाली की परत येते. या घासण्याने नट हळूहळू उलटा चालू लागतो. म्हणून टोकाची भोकं थोडी लांबट हवीत. माझ्या हेडरला ती गोल आणि घट्ट होती. गोल कानसीने लांबीच्या दिशेने एक-एक मिमी वाढवून घेतली. पोर्टच्या दिशेने नाही, तिकडे पॅकिंगची कड जवळ असते.

इथे कुलपाचा नट कामाला येतो, पण पूर्ण धातूचा. ज्याचं तोंड कारखान्यातच किंचित चेपलेलं असतं आणि जो हाताने पुरता फिरत नाही, तो. ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात टर्बो मॅनिफोल्डचे नट म्हणून मागितले की दाखवतात. तांब्याचा मुलामा असलेले मिळाले तर उत्तम, ते गंजून धरत नाहीत. दातांच्या जोडीचे वेज वायसर, नॉर्ड-लॉक पद्धतीचे, हाही चांगला उपाय आहे. ते फिरणं रोखतात. पॅकिंग बसून गेलेला ताण मात्र कुठलाही वायसर परत आणत नाही.

बोल्ट की स्टड?

माझं मत स्पष्ट आहे, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टडच. बोल्ट दर वेळी हेडच्या मऊ आट्यांत फिरतो आणि ते झिजवतो. स्टड एकदाच आत जातो, पुढची सगळी झीज नट आणि स्टडवर येते, आणि ते बदलता येतात. हेडमध्ये स्टड किमान १२ मिमी, जमल्यास १६ मिमी गेला पाहिजे. आत घालताना तो बोटांनी शेवटपर्यंत न्या, पान्याने कचकावून नको. काही इंजिनांत ही भोकं आरपार पाण्याच्या वाटेत उघडतात. स्टड काढल्यावर कूलंट ओघळलं तर आट्यांना सीलंट लावावंच लागतं.

किटसोबत बोल्टच आले असतील तर एक गोष्ट जरूर बघा. बारीक तार भोकात घालून खोली मोजा, मग बोल्टची लांबी फ्लँज-पॅकिंगसकट ताडून बघा. बोल्ट जास्त लांब असेल तर तो भोकाच्या तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो, टॉर्क पाना (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारा) आवाजही देतो, आणि फ्लँज मात्र सैलच राहते. फार आखूड असेल तर चार आटे धरून तेच उपटतो.

काळे, १२.९ लिहिलेले ॲलन बोल्ट आणू नका. बोल्ट कितीही दणकट आणला तरी आटे ॲल्युमिनियमचेच राहणार. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नटही नको, उष्णतेत ते एकमेकांना असे धरतात की कापूनच काढावे लागतात. आणि हार्डवेअरच्या दुकानातून एम ८ घेताना लक्ष द्या. मारुतीच्या नटाला १२ चा पाना लागतो, दुकानातल्या बहुतेक नटांना १३ चा. हेडरच्या पाइपाच्या कुशीत १३ ची गोटी (सॉकेट) शिरत नाही, मग पाना तिरका लागतो आणि कोपरे गोल होतात.

एक जुनी, खात्रीची युक्ती सांगतो. जागा असेल तिथे लांब स्टड घालून नटाखाली २० मिमीची पोलादी नळी बसवा. पकडीची लांबी १४ वरून ३४ मिमी होते आणि त्याच टॉर्कला स्टड दुपटीहून जास्त ताणला जातो. मग पॅकिंग थोडं बसलं तरी बराच ताण शिल्लक राहतो. माझ्याकडे टोकाच्या दोन्ही स्टडवर अशा नळ्या आहेत, लेथवर जाड भिंतीच्या करून घेतलेल्या. मधे पाइप आड येतात, तिथे जमलं नाही.

आवळण्याचा क्रम

आधी हेडर हाताने टेकवायचा, सगळे नट बोटांनी. मग खालचा जोड हलकाच. मग हँगर. पाइप आपल्या जागी निवांत बसला, की मगच हेडर आवळायचा, मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत. एम ८ साठी साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. मी ८, १५ आणि २२ असा गेलो. खालचा जोड सगळ्यात शेवटी. आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावली असेल तर घर्षण कमी होतं, तोच टॉर्क जास्त ताण देतो, म्हणून आकडा पाचव्या हिश्श्याने उतरवा. टॉर्क पाना नसेल तर तासाभरासाठी मागून आणा, अंदाजाने करू नका.

नंतर इंजिन पंखा लागेपर्यंत चालवायचं आणि रात्रभर थंड होऊ द्यायचं. सकाळी पुन्हा तोच टॉर्क. नवं पॅकिंग पहिल्या तापण्यातच सगळ्यात जास्त बसतं, तो गेलेला ताण इथे भरून निघतो. मग १०० किलोमीटरला एकदा, ५०० ला एकदा. गरम इंजिनावर कधीही नको, आकडा खोटा येतो आणि आटे ओढले जातात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी केलेली गाडी संध्याकाळीही थंड झालेली नसते. पहाटे पाचला उठून करा.

एक सूचना मनापासून. बीएस-६ गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) बहुतेक वेळा मॅनिफोल्डलाच जोडून असतो, हेडर बसवायचा म्हणजे तो काढायचा. ते करू नका. पीयूसीचा प्रश्न आहेच, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांवर बंधनं घालतं, आणि तो धूर आपल्याच गल्लीत राहतो. माझ्या गाडीत कन्व्हर्टर जागच्या जागी आहे.

फेसिंग, पत्र्याचं पॅकिंग, नवं हँगर रबर, लांबट भोकं आणि टोकाच्या नळ्या, एवढं केल्याला आता साडेचार हजार किलोमीटर झाले. त्यात हैदराबाद रोडचा एक लांब पल्ला आहे आणि तुळजापूरचा घाट कितीतरी वेळा. खुणा रेषेत आहेत आणि पाना ठोकला की टोकाचे नटही टण्ण वाजतात. फक्त हेलिकॉइलवाला खालचा स्टड ५०० किलोमीटरच्या तपासणीत किंचित फिरला होता. स्टड सरळ आहे, पण तिथे फ्लँजवर वेल्डचा एक थेंब वायसरखाली येतो आणि वायसर पुरता टेकत नाही. पुढच्या वेळी हेडर उतरेल तेव्हा तो थेंब घासून काढायचा आहे. तोवर त्या एका नटावर दर पंधरा दिवसांनी पाना वाजवून बघतो.